तापाचा रकाना

वकिलाच्या धंद्यात मृत्यू हा पुष्कळदा पुराव्याचा विषय होऊन बसतो. कोण वारले यापेक्षा कोण आधी वारले, हा प्रश्न आम्हांला अधिक जवळचा. हे लिहिताना मलाच थोडे ओशाळल्यासारखे होते. पण ते खरे आहे, आणि ज्या प्रसंगाने ते मला टोचू लागले तोच येथे सांगावयाचा आहे.

बेळगावजवळच्या एका खेड्यातील देवळाच्या पूजेच्या पाळीचा दावा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. पाळीचे मूळ धनी एकत्र कुटुंबातील दोघे भाऊ. पुत्र दोघांनाही नव्हता; एकेक मुलगी होती. १९१८ सालच्या आश्विनात दोघेही तीन दिवसांच्या अंतराने गेले. आजचे वादी आणि प्रतिवादी हे त्या दोन मुलींचे वंशज. त्या काळच्या मिताक्षरा न्यायाप्रमाणे जो भाऊ मागे राहिला त्याच्याकडे सारा हक्क गेला, आणि त्याच्या पश्चात त्याच्या विधवेकडे व मुलीकडे. आधी गेलेल्याच्या विधवेच्या वाट्याला केवळ अन्नवस्त्र. शंभर वर्षांची वहिवाट अशी तीन दिवसांच्या फरकावर टांगलेली होती.

गावच्या मृत्यूच्या नोंदवहीची पाने पाहावयास मिळाली. नोंदी मोडीत होत्या, म्हणून मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना शेजारी बसवून घेतले. ते एकेक ओळ वाचीत आणि मी टिपून घेई. एरवी महिन्याला तीन-चार नोंदी. त्या महिन्यात मात्र पानामागून पान भरलेले. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द वरपासून खालपर्यंत उतरत गेलेला : ताप, ताप, ताप. मध्येच एके ठिकाणी अक्षर बदलले. वाचणारे गृहस्थ थांबले, चष्मा पुसला आणि चार ओळी खाली बोट ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, हे नाव पाहा. आजवर जो लिहीत होता तो हाच कुलकर्णी." लिहिणाराच लिहिला गेला होता. त्याच्याही पुढे कारण तेच : ताप.

हवी असलेली तारीख मला सापडली. थोरला भाऊ आधी गेला होता. नोंद माझ्या अशिलाच्या विरुद्ध होती. पण त्या दिवसापासून दाव्यापेक्षा तो रकानाच माझ्या मनात घर करून राहिला.

ज्याला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत, तो हा ताप, म्हणजे १९१८ चा इन्फ्ल्युएंझा. महायुद्धाचे शेवटचे वर्ष होते. जहाजांतून सैनिकांची ये-जा चालू होती. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर पहाऱ्याला होता. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती निराळेच रूप घेऊन. पितृपक्ष संपून नवरात्र बसले त्या सुमारास, ६ ऑक्टोबर रोजी, एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तेथून आगगाडीच्या रुळांनी रोग देशभर पसरला : मुंबई इलाख्यातील गावोगाव, वऱ्हाड व मध्य प्रांत, दक्षिणेस मद्रास इलाखा, उत्तरेस संयुक्त प्रांत व पंजाब, आणि सर्वांत शेवटी बंगाल व आसाम. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. धान्य महाग झाले, आणि अर्धपोटी शरीरांना तापाने सहज गाठले.

हा प्रवास आज आपल्याला कशावरून कळतो? त्या वेळी रोगाचे जंतू ओळखणारी परीक्षा नव्हती. या रोगाचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. खेड्यात वैद्य नाही, डॉक्टर नाही. गावचा पाटील वा कुलकर्णी जे लिहील ते. आणि त्याला ठाऊक असलेली कारणे मोजकी : पटकी, देवी, प्लेग, हगवण, अपघात. यांत जे बसेना ते सारे 'ताप'. हिवतापाचा मृत्यू त्यातच, मानमोडीचाही त्यातच. एका ओळीवरून काहीच सिद्ध होत नाही. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला असता तर मी पाच मिनिटांत त्याची उलटतपासणी आटोपली असती.

परंतु संशोधकांनी युक्ती केली ती अगदी घरगुती हिशेबाची. मागील काही वर्षांत एखाद्या जिल्ह्यात त्याच महिन्यात सरासरी किती माणसे दगावत ते पाहावयाचे, आणि १९१८ च्या आकड्यातून ते वजा करावयाचे. उरलेली बाकी ही रोगाची पावले. ज्या जिल्ह्यात बाकी आधी फुगली तेथे रोग आधी पोहोचला. अशा रीतीने जिल्ह्यांचे आकडे ओळीने मांडून २०१४ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले की, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना लाटेचा वेग मंदावला, तिचा मुक्काम लांबला आणि तिची दाहकता उतरत गेली. नोंद लिहिणाऱ्या एकाही कुलकर्ण्याला हे ठाऊक नव्हते. त्याला आपल्या गावापुरते दिसत होते. देशाचा नकाशा त्याच्या लेखणीतून त्याच्या नकळत उमटत होता.

एकूण बळी किती? सरकारी आरोग्याधिकाऱ्यांचा पहिला अंदाज साठ लाखांच्या आतबाहेर होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला. १९८६ साली एका अभ्यासकाने तो १ कोटी ७० ते ८० लाखांपर्यंत नेला. देशाची लोकसंख्या मागच्या जनगणनेहून कमी भरली, अशी ती एकच जनगणना. जेथे लिहिणाराच गेला तेथे किती ओळी लिहावयाच्या राहिल्या असतील, हे कोण सांगणार?

त्या गावच्या वृद्ध भटजीबुवांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या काळी दसऱ्याच्या पुढेमागे श्राद्धांची रांगच लागे. एकाच दिवशी तीन-तीन घरी. आम्हांला वाटे, योगायोग." सरकारी वहीत जे 'ताप' म्हणून लपले ते पंचांगाच्या तिथीत उघड होते, कोणी एकत्र मांडले नाही इतकेच.

आता जे सांगावयाचे ते माझे स्वतःचे आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझे काका घरीच गेले. कोरोनाची तपासणी झाली होती आणि तिचा निकाल माझ्या फोनवर आला होता. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "काय लिहू?" कोरोना लिहिले असते तर देह आमच्या हाती राहिला नसता, घरच्या माणसांनी खांदा देणे, मंत्राग्नी देणे, काही झाले नसते. काकू दारात उभी होती. मी गप्प राहिलो. कारणाच्या जागी आले, 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. त्या छापील नमुन्यावरच सूचना असते की, असले कारण लिहू नये, मूळ रोग लिहावा. कारण हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. ती सूचना मी वाचली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे अशा नोंदी दुरुस्त करून घेण्याची वाटही निघाली. मी अर्ज केला नाही.

सरकारी नोंदीप्रमाणे २०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. ती सारी वाढ कोरोनाची असे म्हणता येणार नाही. नोंदणीही वाढली असेल. पण त्या वाढीत माझे काका आहेत हे मला ठाऊक आहे. शंभर वर्षांनी कोणी वजाबाकी करील तेव्हा ते बाकीत सापडतील. त्यांच्या कारणाच्या रकान्यात मात्र कधीच नाही. कुलकर्ण्याने 'ताप' लिहिला तो न कळून. मी कळून चुकीचे लिहवून घेतले.

त्या दिवशी मी दुसरे काही केले असते का? काकूचा चेहरा आठवला की उत्तर 'नाही' असेच येते. पण ते उत्तर माणसाचे आहे. वकिलाचे नव्हे, आणि ज्यांनी मरेपर्यंत वही लिहिली त्यांच्यापुढे उभे राहण्यासारखे तर मुळीच नव्हे.

दावा शेवटी तडजोडीने मिटला. दोन्ही घराण्यांनी पूजा वर्षाआड वाटून घेतली. आमच्या घरच्या जुन्या वहीत वडीलधाऱ्यांच्या तिथी लिहून ठेवण्याची रीत आहे. गेल्या पितृपक्षात मी ती काढली, काकांचे नाव लिहिले, तिथी लिहिली आणि तिच्यापुढे आजवर त्या वहीत नसलेला एक रकाना आखून कारण लिहिले : कोरोना. याने सरकारचा एकही आकडा बदलत नाही. तरी लिहिताना हात थरथरला, आणि लिहून झाल्यावर मी खाली सही केली.