आधी प्रश्न नीट वाच, मग काढ



मागे नातीचा नाटाचा निकाल लागला आणि आमच्या घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. ज्यांच्या घरी अजून हा विषय आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आर्किटेक्चरची पदवी ५ वर्षांची असते. तिच्या प्रवेशासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर २००६ पासून नाटा ही अभिक्षमता चाचणी घेतं. एकूण गुण २००. त्यातले ८० कागदावर चित्र आणि रचना करण्याचे. उरलेले १२० संगणकावरच्या प्रश्नांचे. त्यात आकृत्या ओळखणं, तर्क, आकडेमोड असतं आणि शब्दांचा, वाक्यांचा अर्थ लावणंही असतं.

आमची नात लहानपणापासून चित्रं काढते. त्यामुळे चित्रात ती मार खाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण गुण कमी पडले. मुलगा म्हणाला, "आई, आपल्यात कोण आहे आर्किटेक्ट? हिला बी.कॉम.ला घालू. तूही केलंसच की."

"केलंसच की" हे मला लागलं. मी बी.कॉम. केलं, कारण कॉलेज घराजवळ होतं. मला काय आवडतं हे कुणी विचारलंच नाही. जमाखर्चाने मला पुढे खूप साथ दिली, तक्रार नाही. पण नातीला न विचारता तोच रस्ता दाखवायचा, हे काही मला पटेना. नाटा एका वर्षात पुन्हा देता येते. मी म्हटलं, अजून एकदा देऊ दे, फी माझ्या साठवणीतून.

मग मी तिचे सरावाचे पेपर मागितले. चित्रातलं मला कळत नाही, पण कागद तपासता येतो. एका प्रश्नात लिहिलं होतं की गच्चीवरून खाली पाहताना दिसणारा भाजीबाजार काढा, सावल्या दाखवा, माणसं तीनपेक्षा जास्त नकोत. पोरीने बाजार इतका सुंदर काढला होता की मेथीची जुडी उचलून घ्यावीशी वाटावी. पण तो समोर उभं राहून पाहिलेला बाजार होता. माणसं सात. सावली कुठेच नाही.

"अगं, प्रश्न वाचलास का?"

"वाचला की आजी. बाजार म्हटलं की मला लगेच दिसायलाच लागतो."

तिथेच तर चुकत होतं! पहिला शब्द वाचायचा आणि बाकीचं मनाने भरायचं. आम्हाला हिशेब शिकवताना सर सांगायचे, तारीख, खातं, नावे की जमा, सगळी ओळ वाचल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. एक नोंद उलट पडली की तेरीज जुळत नाही.

आता संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवणं झाली की आम्ही दोघी अर्धा तास बसतो. आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणं, शंका विचारणं, मनात घोळवणं, शुद्ध पाठ करणं आणि दुसऱ्याला सांगणं. मी हाच क्रम तिच्या अभ्यासाला लावला. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. ती मोठ्याने वाचते, अडलेला शब्द विचारते, मिनिटभर गप्प बसते, पुन्हा वाचते आणि मग मला स्वतःच्या शब्दांत सांगते. आपलं शास्त्र परीक्षेसाठी नाही, हे मला माहीत आहे. पण वाचायची शिस्त तीच आहे.

नंतर घर वाचायला घेतलं. टेप घेऊन तिने जिन्याच्या पायऱ्या, खिडक्या, कपाटं मोजली. छताला चिकटलेल्या पालीला आपलं स्वयंपाकघर कसं दिसेल, ते काढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, ओटा तुझ्या उंचीला जास्त आहे. म्हणून कणीक मळताना तू खांदे वर उचलतेस." वीस वर्षं मी त्या ओट्यावर कणीक मळते आहे. मला वाटायचं, वय झालं म्हणून खांदे दुखतात.

मग एका रविवारी वेरूळला गेलो. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे. नात बराच वेळ वर बघत राहिली. म्हणाली, "आपण घर बांधताना भर घालतो, यांनी नको तो दगड काढला. आतली मोकळी जागा आधी डोक्यात असणार." नाटात हीच कल्पनाशक्ती तपासतात, असं तिने मला समजावलं.

पुढे आपली लेणी, ३० ते ३४. बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. वरच्या मजल्यावर मी सवयीने सांगितलं, "हा बघ, हत्तीवर बसलेला इंद्र. आणि समोर इंद्राणी."

ती समोरच्या मूर्तीकडे गेली, नीट पाहून परत आली. "आजी, इंद्राणीजवळ सिंह कसा? आणि वर आंब्याचं झाड?"

मी गप्प. सिंह आणि आम्रवृक्ष म्हणजे अंबिका, नेमिनाथ भगवंतांची शासनदेवी. हे मला लहानपणापासून पाठ आहे. हत्तीवरचा तो इंद्र नव्हेच, यक्ष आहे. कुणी त्याला मातंग म्हणतात, कुणी सर्वानुभूती. त्याला इंद्र समजल्यामुळेच लेण्याला हे नाव पडलं. लग्न होऊन या शहरात आल्यापासून पाहुण्यांना घेऊन मी कितीदा इथे आले असेन! नाव वाचलं आणि बाकीचं मनाने भरलं. नातीला ज्या चुकीसाठी बोलले, तीच चूक मी इतकी वर्षं करत होते.

हे तिला तिथेच सांगितलं. ती हसली नाही, वहीत अंबिकेवरचं आंब्याचं झाड काढत बसली.

दुसरी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. आता ती प्रश्नातल्या प्रत्येक अटीखाली पेन्सिलने रेघ मारते, मगच चित्राला हात लावते. मुलगा अजून बी.कॉम.चं बोलतो, पण परवा त्यानेच तिला रंगांची नवी पेटी आणून दिली. निकाल लागेल तो लागेल. ओट्याची उंची मात्र दिवाळीआधी कमी करायची, हे घरात ठरलं आहे. नकाशा नात काढणार आहे.

जय जिनेंद्र.