'पाळी वेळेवर येते का, विचार तिला'

अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या बातम्या मी मन लावून वाचतो. एका मित्रानं परवा विचारलं, तुला तालुक्याच्या बातम्या पुरत नाहीत का? पुरतात. पण त्या बातम्यांतली पोरं मला ओळखीची वाटतात, म्हणून वाचतो.

२०२० च्या जनगणनेत तिकडे हिस्पॅनिक म्हणून नोंद झालेले लोक ६ कोटी २० लाखांच्या वर होते. म्हणजे साधारण दर पाच-सहा माणसांत एक. त्यातल्या लाखो घरांत आईबाप मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर असल्या देशांतून आलेले. कुणी शेतात राबतं, कुणी बांधकामावर, कुणी हॉटेलात भांडी घासतं. पोरं तिथंच जन्मतात, शाळेत जातात आणि बघता बघता इंग्रजी बोलायला लागतात. मग घराचा बाहेरचा सगळा कारभार त्यांच्या गळ्यात पडतो. लाईटबिल, घरमालकाची नोटीस, शाळेचं पत्र, दवाखाना. दहा वर्षांचं पोरगं बापाच्या वतीनं साहेबाशी बोलतं. तिकडच्या अभ्यासकांनी या पोरांना 'भाषेचे दलाल' अशा अर्थाचं नाव दिलंय. दलाली अर्थातच मिळत नाही.

हे समजायला मला अभ्यासकांची गरज पडली नाही. माझे आईवडील तेव्हाच्या आंध्रातून, आजच्या तेलंगणातून, इथं मागावर कामाला आले. वडील माग चालवायचे, आई कांड्या भरायची. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. घरात मराठी पहिल्यांदा आणली ती मी. त्यामुळं रेशन दुकानदार, मालकाचा दिवाणजी, शाळेतल्या बाई, सगळ्यांशी बोलायचं काम माझं.

मी नऊ वर्षांचा असताना आईच्या पोटात फार दुखायला लागलं. वडील कामावर. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय? 'कडुपु' म्हणजे पोट, 'नोप्पी' म्हणजे दुखणं. तिथपर्यंत जमलं. मग ते म्हणाले, "पाळी वेळेवर येते का, विचार तिला." आमच्या घरात पाळी म्हणजे मागाची पाळी. मी त्यांनाच विचारलं, "कुठली? दिवसपाळी का रात्रपाळी?"

खोलीतले सगळे हसले. काय झालं ते न कळता आईही हसली.

रांगेतल्या एका तेलुगू बाईनं मला बाहेर बसवलं आणि ती आत गेली. दार बंद झालं. आईला नेमकं काय झालं होतं ते मला मोठेपणी कळलं. पण तेव्हाही एवढं कळलं होतं की तिला जे सांगायचं होतं ते माझ्यासमोर ती कधीच बोलली नसती. दुभाष्या नसणं वाईट. पोटचा पोरगाच दुभाष्या असणं कधीकधी त्याहून वाईट.

अशा पोरांच्या कर्तबगारीच्या गोष्टी लोकांना आवडतात. कॅलिफोर्नियाचे सिनेटर अ‍ॅलेक्स पडिया यांचे आईवडील मेक्सिकोतून आलेले. वडील हॉटेलात स्वयंपाकी, आई लोकांची घरं साफ करायची. पोरगा इंजिनिअर झाला, पुढं सिनेटमध्ये गेला. कौतुक आहेच. पण एक जण सिनेटमध्ये पोचला म्हणून बाकीच्या पोरांच्या डोक्यावरचं ओझं उतरत नाही.

ते ओझं उतरवायचा प्रयत्न तिकडे कायद्यानं झाला. २०१६ साली आरोग्य कायद्याखाली नियम निघाला की सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी तातडीचा प्रसंग सोडून लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही. मला हा नियम वाचून बरं वाटलं. नऊ वर्षांच्या पोराला काय विचारायला लावू नये हे कुणाला तरी सुचलं होतं. पुढं १ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा जाहीर केलं. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी कामात भाषेची मदत मिळावी म्हणून क्लिंटन यांनी २००० साली काढलेला आदेशही त्याच वेळी रद्द केला. सरकारनं हात काढून घेतला की ओझं कुणावर येणार? पोरावरच.

आता आपल्या गावाचं. मागावर आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं आहेत. हिंदीवाल्यांचं कसंतरी निभावतं. ओडिया बाईचं निभावत नाही. मग तिची सहावीतली पोरगी शाळा बुडवून केसपेपरच्या रांगेत उभी राहते. सरकारी दवाखान्यात बातमीसाठी जातो तेव्हा अशी एखादी पोरगी मला दिसतेच.

खाली कुणीतरी लिहिणार, "महाराष्ट्रात आलात तर मराठी शिका." बरोबर आहे, शिकावीच. मी शिकलो, मराठीवरच माझं पोट चालतं. आणि पोरं शिकतातच, त्यांना सांगावं लागत नाही. पण बारा तास कामावर उभ्या राहणाऱ्या बाईला भाषा यायला वर्षं जातात. पोटातली कळ तोवर थांबत नाही. नातू सांभाळायला अमेरिकेत गेलेली आपल्या गावची आजी तिकडे आजारी पडली, तर डॉक्टरसमोर तिचीही हीच गत होते. तिथं तिला इंग्रजी शिकून ये म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

मागणी साधी आहे. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशेजारी एक फलक लावा. तेलुगू, कन्नड, ओडिया, बंगाली बोलणाऱ्या गावातल्या माणसांची नावं आणि फोन नंबर त्यावर असू द्या. त्यात बायका असल्याच पाहिजेत. डॉक्टरांनी फोन स्पीकरवर टाकायचा, दोन मिनिटांचं काम. याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही.

सोमवारी वैद्यकीय अधीक्षकांना तसं पत्र देतोय. ज्यांना यादीत नाव द्यायचंय त्यांनी मला मेसेज करा, नंबर खाली कमेंटमध्ये टाकू नका. तेलुगूसाठी माझं आणि माझ्या बहिणीचं नाव धरलंय. ओडिया येणारी एखादी ताई, काकू ओळखीत असेल तर आधी तिला विचारा.