माय विमानात बसणार आहे



तीन आठवडे झाले, वेरूळच्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. दिल्लीला धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न आहे. मायचे वय 71, नाकात ऑक्सिजनची नळी. तिला न्यायचे कसे?

मायने आयुष्यात विडी ओढली नाही. पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसून गोवऱ्या, तुराट्या आणि ओली लाकडे फुंकली. 2016 साली उज्ज्वला योजना आली, पुढे आमच्याकडे गॅस आला, तोवर फुप्फुसांचे व्हायचे ते नुकसान झाले होते. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. एके काळी लेण्यांच्या कामावर पाण्याची घागर घेऊन तीन ताल लेण्याचे तिन्ही मजले चढणारी माय आता न्हाणीपर्यंत जाताना दोनदा थांबते.

रेल्वेचा प्रवास जवळजवळ एक दिवस आणि रात्रीचा. विमानाचा सुमारे दोन तासांचा. पण डॉक्टर म्हणाले, विमानातली हवा विरळ असते. आतला दाब आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होऊ शकतो. आपले कळसूबाई शिखरसुद्धा साडेपाच हजार फुटांच्या आतच आहे. भरलेला सिलिंडर विमान कंपनीला चालत नव्हता. खांद्याला अडकवायचे छोटे कॉन्सन्ट्रेटर मशीन चालणार होते. ते हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढे सोडते, म्हणून भरावे लागत नाही. मात्र ते चालते बॅटरीवर, आणि श्वास आत घेतला तरच ऑक्सिजन देते. ते प्रत्येक रुग्णाला पुरतेच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी मशीन लावून मायला चालवले, बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिले, मगच प्रमाणपत्र दिले.

मग कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आला, सगळा इंग्रजीत. फोनवर एक जण एक सांगे, दुसरा दुसरेच. खरे सांगतो, एका रात्री मनात आले, मायला घरीच ठेवावे. माय तर म्हणतच होती, "नळी घालून चारचौघांत कशाला रं? लोक नवरीला बघतील का मला?"

त्या रात्री झोप लागली नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे अर्ज मी वर्षानुवर्षे भरून देतो. "साहेबाला विचारायला लाजू नका," असे त्यांना बजावतो. आणि जन्मदात्या आईच्या एका फॉर्मला मी कंटाळलो?

सकाळी बी.कॉम.वाल्या कारकुनाने फाइल उघडली. मशीनचे मॉडेल, डॉक्टरांचे पत्र, तिकीट, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. फोनवर मिळालेले प्रत्येक उत्तर ईमेलने लेखी मागून घेतले. फॉर्म मुदतीच्या आत, प्रवासाच्या 48 तास आधी पोचवला. व्हीलचेअर सांगून ठेवली. बॅटऱ्यांचा हिशेब केला. घर ते विमानतळ दीड तास, तिथे दोन, विमानात दोन, उतरल्यावर एक. एकूण साडेसहा. विमानाला उशीर झाला तर? म्हणून दीडपट धरले, जवळजवळ दहा तास. आमची बॅटरी चार तास चालते. म्हणजे तीन हव्यात. दोन भाड्याने आणल्या. जास्तीच्या बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या पिशवीतच ठेवायच्या.

काल संध्याकाळी रंगीत तालीम झाली. माय मशीन खांद्याला लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पोरे मागे लागली, "आजी, हे काय?" मला वाटले, आता पदर नाकावर ओढून घेईल. तिने घेतला नाही. म्हणाली, "माझी हवेची पिशवी हाय. दिल्लीला चालले."

घरी येऊन दम खाल्ला आणि मला विचारले, "खिडकीपाशी हाय ना रं माझी जागा? वरून आपली लेणी दिसतील का?"

खिडकीचीच जागा घेतली आहे. परवा सकाळी निघतो आहोत.