एटापल्लीच्या वाटेवरची गाडी

माझे आयुष्य क्रियापदे चालविण्यात गेले. वाहन म्हणाल तर स्कूटरपलीकडे माझी मजल नाही. तरीही गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत जुनी जीप पारखण्याची कामगिरी माझ्यावर आली. आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ एटापल्लीला असतो आणि 'भाऊजी एम. ए. आहेत, त्यांना कोणी फसवणार नाही,' अशी त्याची भाबडी समजूत आहे.

त्याचा धंदा धान भरडण्याचा. छोटे यंत्र, त्याचे डिझेल इंजिन आणि खाली दोन चाकांची ट्रॉली, असा त्याचा संसार गावोगाव हिंडतो. वजन सगळे मिळून सात-आठशे किलो. ही ट्रॉली ओढायला तो ट्रॅक्टर भाड्याने घेई आणि कमाईतला मोठा वाटा ट्रॅक्टरवालाच खाई. आता स्वतःची गाडी हवी होती, तीही पावसाळ्यात चिखलातून निघणारी, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी. शिवाय रोज मुलीला शाळेत पोचवणारी आणि बाजारहाट करणारी. जवळ चार लाख रुपये होते. त्यातले निम्मे त्याच्या बायकोच्या पाटल्या मोडून आलेले. तेव्हा ही खरेदी हौसेची नव्हती, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

पहिली गाडी आम्ही नागपुरातच पाहिली. लालभडक रंग, मांडीएवढी रुंद चाके, कपाळावर दिव्यांची रांग! दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली ही विलीज जीप 1947 साली महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि तेव्हापासून आपल्याकडे जीप म्हणजे मर्दुमकी, असे समीकरणच होऊन बसले. मीही त्या मोहात पडलो. पण कागद उघडले, तर नोंदणीत इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली इंजिन डिझेलचे! असा बदल नोंदणीत चढवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी आपल्या नावावर करताना अडते. मालक म्हणाला, "ते होऊन जाते साहेब." जे आपोआप 'होऊन जाते' त्याचा कर्ता कोण, हे विचारण्याची मला व्यवसायाने सवय. मी विचारले. त्याला उत्तर देता आले नाही. माझ्या एम. ए.चा या व्यवहारात झालेला उपयोग एवढाच.

मग एस. टी.ने आम्ही एटापल्लीची वाट धरली. चंद्रपूर, गोंडपिपरी, वैनगंगेवरचा पूल, आष्टी आणि पुढे आलापल्ली. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा गडचिरोली जिल्हा. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. आलापल्लीचे सागवान पूर्वीपासून नावाजलेले. आता त्याच वाटेने सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन ट्रकही धावतात. आलापल्लीहून एक रस्ता भामरागडकडे जातो. त्याच रस्त्यावरच्या हेमलकशात बाबा आमट्यांनी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. दुसरा फाटा एटापल्लीचा. खिडकीतून पाहावे तो दोन्ही बाजूंना ओले सागवान, मधूनच भाताची हिरवी बांधी आणि डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने एकामागून एक चाललेल्या माडिया बाया. तालुक्याचे गाव असूनही एटापल्लीत दुकानांची रांग संपली, की लगेच रान सुरू होते.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने मला आलापल्लीच्या एका मिस्त्रीकडे नेले. माणूस साठीचा, बोलणे मोजके. त्याने गाडीविषयी काहीच न बोलता विचारले, "महिन्याच्या तीस दिवसांत चिखल किती दिवस?"

मेव्हणा म्हणाला, "पावसाळ्यात दहा-बारा. बाकी नाही जी."

"मंग गाडी बाकीच्या दिवसांसाठी पाहा. चिखलाची गरज त्यात बसवू."

तिथे दोन गाड्या विकाऊ होत्या. एक जिप्सी, हलकी आणि चपळ. चिखलातून हरणासारखी निघेल. पण पेट्रोल पिणारी आणि तेराशे सी. सी.ची. मिस्त्रीच्या मते तिने कधीमधी ओझे ओढले असते, पण रोज ओढायला लावणे म्हणजे हरणाला नांगराला जुंपणे. दुसरी बोलेरो कॅम्पर; दोन रांगांची केबिन, मागे माल ठेवायला हौदा, अडीच हजार सी. सी.चे डिझेल इंजिन. रंग उडालेला, एका दाराला पोचा. मालवाहू म्हणून नोंदलेली, त्यामुळे योग्यता प्रमाणपत्राची कटकट. पण धंदा करायचा तर ते बरेच. शिवाय तिचे सुटे भाग आलापल्लीत मिळत होते. जंगलात हा गुण सर्वांत मोठा.

मिस्त्रीने पोच्याकडे पाहिलेही नाही. तो सरळ खाली सरपटला. चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का, पाटे मोडलेत का, हे हाताने चाचपले. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल थोडे थोडे बाहेर काढून बोटावर घेतले. "हे दुधावाणी पांढरं दिसलं असतं, तर पाणी शिरलं असं समजाचं. मंग गाडी नाही घ्याची." ऑइल काळे होते, पण पांढरे नव्हते. चारही टायर एकाच मापाचे आहेत, हेही त्याने पाहिले. मापे वेगळी असली, की चारही चाकांचा जोर लावताच आतले दाते एकमेकांशी भांडतात. याच कारणासाठी कोरड्या डांबरावर तो जोर लावायचा नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि घसरायला जागा नसली की ताण यंत्रावर येतो.

ट्रॉलीचा हूक बंपरला होता. मिस्त्रीने तो काढून चेसिसला पक्का बसवायला सांगितला. ट्रॉलीतले इंजिन थोडे पुढे सरकवले. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर यावा, असा त्याचा हिशेब. ओझे मागे गेले, की ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि गाडीलाही हलवते. ट्रॉलीचीही नोंदणी लागते, ही आठवण द्यायला तो विसरला नाही.

"पैसे उद्या द्या. आधी ओढून पाहा," तो म्हणाला.

म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे ट्रॉली जोडून जारावंडीच्या बाजूला निघालो. वाटेत नाला लागला. रात्रीच्या पावसाने पाणी तांबडे होऊन धावत होते. पलीकडच्या काठावर धानाची पोती घेऊन माणसे आमचीच वाट पाहत बसलेली. मला भारी स्फुरण चढले. "लाव की चारही चाके! त्यासाठीच तर गाडी घेतोस!" मी म्हणालो.

मेव्हण्याचा हात दांड्यावर गेला आणि तसाच थांबला. त्याने मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री खिडकीबाहेर पाहत होता. मेव्हण्याने इंजिन बंद केले. "नाही भाऊजी. तळ दिसून नाही राहिला."

मिस्त्री तेव्हा खाली उतरला आणि पाण्याच्या कडेला एक दगड ठेवून आला. धावते पाणी दोन फूट असले, तरी बहुतेक गाड्या उचलून नेते. चारही चाके जमिनीवरून सुटल्यावर चारांचा जोर शून्याइतकाच. हे त्याने मला शांतपणे सांगितले, जसे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना संधी सांगतो.

गाडी मागे घेताना फजिती झाली. मी उतरून "डावीकडे, डावीकडे" असे ओरडत होतो आणि ट्रॉली हटकून उजवीकडे जात होती. ट्रॉली मागे घेताना चाक उलटे फिरवायचे असते, हे मला तेव्हा कळले. शेवटी हूक सोडून ती हाताने ढकलली.

दोन तासांनी दगड कोरडा पडला, पाणी त्याच्याखाली हातभर उतरले आणि तळाची वाळू दिसू लागली. मग मेव्हण्याने लहान गिअर लावला, चारही चाके जोडली आणि बैलगाडीच्या चालीने, मध्ये गिअर न बदलता, ट्रॉलीसकट नाला पार केला. पलीकडच्या म्हातारबाने पोत्यावरून उठून काही न बोलता पहिले पोते पुढे सरकवले.

दुसऱ्या दिवशी पैसे दिले. परतीच्या एस. टी.त मला त्या लाल जीपची आठवण झाली. ती घेतली असती, तर नाल्याकाठी मी जे म्हणालो तेच तिनेही सांगितले असते. पोचा पडलेल्या गाडीने मात्र निमूटपणे थांबू दिले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "कशी आहे हो गाडी?"

मी म्हटले, "गाडी ठीक आहे. तुझा भाऊ मात्र चांगली चालवतो."

परवाच त्याचा फोन आला. यंदाच्या दिवाळीत एक पाटली परत होणार आहे.