किनाबातांगानच्या काठावरून

सुकाउ, सबाह

ती. ताईस, सा. न.

सांदाकानहून इथं येईपर्यंत बोर्निओचं जंगल कुठं दिसेचना. टेकडीवर तेलताड, उतारावर तेलताड, समोरून येणाऱ्या ट्रकमध्ये त्याच ताडाचे लालभडक घोस. रस्ता सुकाउला नदीशी येऊन संपतो. इथून पलीकडे पूल बांधायचा घाट होता. हत्तींची वाट मोडेल म्हणून बरीच ओरड झाली आणि 2017 साली तो बेत रद्द झाला.

किनाबातांगान 560 किलोमीटर लांब, मलेशियातली दुसऱ्या क्रमांकाची नदी. सबाहच्या मधल्या डोंगरांतून निघते आणि पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात जमीन इतकी सपाट की नदीला सरळ जायची घाईच नाही. वळणं घेते, एखादं वळण टाकून देते, तिथं नालाकृती तळं उरतं. पाणी गढूळ. त्यात हात सोडू नका, मगरी आहेत, असं नावाड्यानं सगळ्यांना बजावलं.

संध्याकाळी मेनांगुल या उपनदीत शिरलो, तर काठच्या झाडांवर लांबनाकी माकडं मुक्कामाला जमत होती. नराचं नाक थेट तोंडावर लोंबतं आणि पोट पंगतीतून नुकत्याच उठलेल्या माणसासारखं. इथले लोक त्याला ‘डच माकड’ म्हणत आले आहेत; थट्टा कोणाची ते तूच ठरव. एवढं पोट पानं आंबवून पचवण्यासाठी असतं. पिकलेली गोड फळं त्याला सोसत नाहीत. ही माकडं रवंथही करतात, हे याच मेनांगुलवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2011 साली मांडलं. दिवसभर आत चरायचं आणि झोपायला काठावर यायचं, हा रोजचा क्रम. एका बाजूला पाणी असलं की लामचित्त्याची निम्मी काळजी मिटते.

हत्तीही दिसले, आपल्या हत्तींपेक्षा ठेंगणे, काठावरचं उंच गवत सोंडेनं उपटत होते. सुलूच्या सुलतानाला भेट मिळालेल्या हत्तींची ही पिलावळ, असं पूर्वी मानत. 2003 सालच्या डीएनए तपासणीनं ते खोडून काढलं. हे बोर्निओचेच. धनेशाच्या तर सबाहमधल्या आठही जाती या नदीवर आहेत.

होडीतली मंडळी खूष होती, ‘काय समृद्ध जंगल आहे!’ मला मात्र ती दाटी वाटली. काही ठिकाणी जंगलाची पट्टी इतकी चिंचोळी आहे की झाडांच्या फटीतून मागच्या ताडांच्या रांगा दिसतात. मागं सरकायला जागा नाही, म्हणून सगळे काठाला लागले आहेत, आणि आपल्याला होडीत बसल्या बसल्या दिसतात. 2005 साली अभयारण्य झालं, सुमारे 26,000 हेक्टरांचं, पण दहा तुकड्यांत.

तुझी,
धाकटी

गोमान्तोंग

ती. ताईस, सा. न.

आज नाकाला रुमाल लावून हिंडले. या गुहांत वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग आहेत आणि ढिगांवर झुरळं, पायाखाली चुरचुरतात. तू असतीस तर दारातूनच परतली असतीस. वर छताला पाकोळ्यांची घरटी. पाकोळी लाळेनं घरटं बांधते, आणि चिनी लोक त्याचं सूप करतात. माणसं वेताच्या शिड्यांवरून छतापर्यंत चढतात, ठरल्या हंगामात, परवाना घेऊन. पांढरं घरटं सगळ्यांत महाग.

तुमच्या वेंगुर्ल्याच्या खडकांवर हिचीच चुलत बहीण राहते ना? तिथलीही घरटी चोरून काढत. भावोजींना विचार, हल्ली तिकडं होडी नेऊ देतात का.

हा व्यापार फार जुना. घरटी, वेत, मेण, गेंड्याची शिंगं, सगळं या नदीनंच समुद्रापर्यंत जाई. 1881 साली ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीला सनद मिळाली, मग काठावर तंबाखूचे मळे आले. 1950 नंतर मोठी लाकूडतोड, आणि तोडलेल्या जागी पश्चिम आफ्रिकेतून आणलेला तेलताड. मला हिशेब सरळ दिसतो. पाकोळी किडे खाते आणि किडे मिळतात जंगलात, त्यामुळे घरटं विकणाऱ्याला जंगल हवंच असतं. तेल विकणाऱ्याला फक्त जमीन लागते. त्या तेलाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे. घरातल्या फरसाणाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बघ.

तुझी,
धाकटी

सांदाकान

ती. ताईस, सा. न.

गेंडा पाहिलास का, असं तू विचारलंयस. नाही, आणि आता कोणालाच दिसणार नाही. मलेशियातली शेवटची सुमात्रन गेंडीण, इमान, 2019 च्या नोव्हेंबरात इथंच सबाहमध्ये गेली.

सुकाउच्या बायकांबद्दल लिहायचं राहिलं होतं. त्या ओरांग सुंगाई, म्हणजे नदीकाठच्याच. ‘हुतान’ नावाच्या संस्थेकडून पगार घेऊन तुटलेल्या पट्ट्यांत झाडं लावतात आणि रोपांवर चढलेल्या वेली, माजलेलं गवत काढत राहतात. ओरांगउटानला पोहता येत नाही, आणि ज्यांच्या फांद्या ओढ्यावर एकमेकांना भिडत ते मोठे वृक्ष तोडले गेले. म्हणून याच संस्थेनं ओढ्यांवर अग्निशमनाच्या जुन्या नळ्यांचे झुलते पूल बांधलेत, आणि ओरांगउटान त्यावरून जातातही. बायकांच्या झाडांच्या फांद्या भिडायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर नळ्या बदलत राहाव्या लागतील.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शिंगांची, घरट्यांची कसलीही भेटवस्तू आणणार नाही हे आधीच कळवते. मिरी आणते आहे.

तुझी,
धाकटी