शांतारामबापूंचे ऋण

व्ही. शांतारामांचा 'कुंकू' हा बोलपट मी प्रथम पाहिला तेव्हा त्याचा सारा आशय ग्रहण करण्याइतके माझे वय नव्हते. फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध वकिलाच्या पदरी बांधलेली नीरा त्याला पती मानण्यास का नकार देते हे मला पुरते उमगले नाही, परंतु शांता आपटे यांच्या मुद्रेवरील तो नकार हट्टाचा नसून न्यायाचा आहे, एवढी खूणगाठ मनाने त्याच वेळी बांधली. विवाहानंतर तोच बोलपट पुन्हा पाहण्याचा योग आला, आणि या खेपेस लक्ष वेधले ते केशवराव दात्यांच्या काकासाहेबांनी; ज्या पुरुषाचा केवळ तिरस्कार वाटावा, त्याच्या पश्चात्तापाची वेदनाही दिग्दर्शकाने तितक्याच निष्ठेने जाणली होती. उतारवयात तिसऱ्यांदा पाहताना मात्र एक हरकत मनात उभी राहिली आणि ती कायम आहे. काकासाहेब आत्मघात करून नीरेला मोकळी करतात. रूढीचा अंमल जसाच्या तसा राहतो, आणि स्त्रीची सुटका अखेर पुरुषाच्याच कृपेची बाब ठरते.

या हरकतीने व्ही. शांतारामांचे मोठेपण उणावत नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यास आलेल्या त्यांच्या 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'ने १९३६ साली प्रेक्षकांची मने जिंकली होती. त्याच वाटेने चालत राहणे व्यवहारदृष्ट्या सोयीचे होते. असे असता दुसऱ्याच वर्षी, नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीच्या आधारे, पार्श्वसंगीताचे साहाय्यही नाकारून, जरठकुमारी विवाहाचा विषय पडद्यावर मांडणे म्हणजे स्वतःच्या मतासाठी कंपनीचे भांडवल जोखमीत घालणे होते. काकासाहेबांच्या सुधारक कन्येची भूमिका त्यांनी सोपवली ती शकुंतला परांजपे यांच्याकडे, ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे संततिनियमनाच्या प्रचाराला वाहिली.

त्यांच्या 'माणूस' या बोलपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक जवळचा वाटतो तो १९४१ चा 'शेजारी'. धरण बांधू पाहणारा धनिक गावातील हिंदू-मुसलमान मित्रांत वैर पेरतो, आणि ते दोघे एकमेकांचे हात धरून मृत्यूस सामोरे जातात. याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'मध्ये, मुसलमान मिर्झा गजानन जहागीरदारांनी साकारला, तर त्याचा हिंदू मित्र मजहर खान यांनी. फाळणीच्या वार्ता ताज्या असताना मी हा बोलपट पाहिला, आणि या पात्रयोजनेचे मोल तेव्हा माझ्या मनात पक्के झाले.

१९४२ साली 'प्रभात' सोडून त्यांनी मुंबईत 'राजकमल कलामंदिर' उभारले. तेथील 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट, ज्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, कैद्यांना पहाऱ्याऐवजी विश्वासाच्या जामिनावर ठेवणाऱ्या एका तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. त्यातील बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाच्या चित्रणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर दुखापत झाली. या कथेमागे औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत झालेला खऱ्या मुक्त तुरुंगाचा प्रयोग होता. स्वतंत्रपूर नावाची ती वसाहत सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. चित्रपट पाहिलेल्यांनी तिची माहितीही अवश्य मिळवावी.