माझं मत नेल्लोरनं बदललं

शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे शिक्षणाचा पैसा शाळेवरच खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटायचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला बाराखडी शिकवण्यापेक्षा तिच्या मुलीच्या वर्गाला एक शिक्षक जास्त द्या, हे मी ठासून सांगत असे. साक्षरतेचं अभियान संपलं, वर्ग बंद पडला की शिकलेली अक्षरं पुसली जातात, हे मी पाहिलं होतं. तो आक्षेप मी आजही सोडलेला नाही. बाकीचं मत मात्र राहिलं नाही.

ते बदललं आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यामुळे. १९९१ च्या सुमारास तिथं संपूर्ण साक्षरतेची मोहीम सुरू झाली. दिवसभर शेतात राबलेल्या बायका रात्री वर्गाला बसायच्या. त्यांच्या वाचनपुस्तकात नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या घराची गोष्ट होती. ती वाचता वाचता बायका आपापल्या घरचं बोलू लागल्या. मजुरी अरकाच्या, म्हणजे देशी दारूच्या, दुकानात जाते, दुकान सरकारी लिलावातून चालतं आणि त्या लिलावाचा पैसा सरकारच्या तिजोरीत पडतो, ही साखळी त्यांनी एकत्र बसून उलगडली. दुबगुंटा गावच्या बायकांनी आपल्या गावातलं दुकान बंद पाडलं.

यापुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मोहिमेच्या पुढच्या पुस्तकात दुबगुंट्याच्या बायकांचाच धडा आला. बायका एक झाल्या तर काय होतं, हे आता दुसऱ्या गावच्या बायका अक्षर अक्षर लावून वाचत होत्या, आणि वाचून उठत होत्या. लिलाव रोखले गेले. १९९३ मध्ये राज्यभर अरकावर बंदी आली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. आपल्याकडे दारूबंदीच्या मतदानात बाटली आडवी करायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना यातली जिद्द वेगळी समजावून सांगायला नको. आंध्रातली ती बंदी १९९७ मध्ये सैल झाली, हेही खरं आहे. पण सरकारच्या महसुलाचा हिशोब ज्यांनी मागितला, त्यांच्यातल्या कित्येकींनी आकडे नुकतेच ओळखायला घेतले होते. माझ्या वर्गात नागरिकशास्त्र हा परीक्षेच्या गुणांचा विषय होता. मतदाराचे हक्क मी वर्षानुवर्षं तोंडपाठ करून घेतले, पण ते हक्क कुणी असे वापरलेले मी पाहिले नाहीत.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत त्याच काळात साक्षरता मोहिमेनं बायकांना सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी हा आग्रह धरला. टोमणे सोसून हजारो बायका शिकल्या. काहींनी पुरुषी सायकलीच पसंत केल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. वर्गाला, बाजाराला, पाण्याला जायला आता कुणाची वाट पाहावी लागत नव्हती. अक्षरांशी सायकलचा काय संबंध, असं मी पूर्वी नक्की विचारलं असतं.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, हे मी दरवर्षी मुलांना शिकवलं. मुलींची शाळा चालू असताना मोठ्या माणसांसाठी वेगळी शाळा त्यांना का हवीशी वाटली, हा प्रश्न मात्र मी कधी विचारला नाही. आज उत्तर दिसतं. मूल मोठं होऊन मत देईपर्यंत वाट पाहायची तर आजचा मतदार, आजचा मजूर, आजची आई तशीच राहते.

सध्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांचे वर्ग चालतात आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची परीक्षा होते. परीक्षा जरूर व्हावी. माझं मागणं एवढंच आहे, की निकालानंतर वर्ग मोडू नये. रोजगार हमीचं हजेरीपत्रक, रेशनची पावती, ग्रामसभेची नोटीस हीच पुढची वाचनपुस्तकं व्हावीत, आणि एका गावानं जे मिळवलं, त्याचा धडा छापून शेजारच्या गावात वाचायला द्यावा.